काळी जर्सी, सावळा पोर आणि 'मुद्दाम केलं' ही आरोळी

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "माझा मुलगा पंधरा वर्षांचा, कबड्डीत किशोर गटात डाव्या कोपऱ्यात खेळतो. रंगाने सावळा आणि अंगाने भरलेला आहे. त्याने साधी पकड केली तरी बाहेरून 'दांडगट', 'रानटी' असं ओरडतात. यंदा मंडळाने काळी जर्सी शिवून घेतली, तेव्हापासून हे वाढलंय असं मला वाटतं. रंगावरून लोक खरंच ठरवतात का, की कोण सरळ खेळतो आणि कोण नाही? जर्सी बदलायला सांगू का? की मीच आई म्हणून जास्त मनावर घेतेय?"

ताई, तुम्ही जास्त मनावर घेत नाही आहात. रंगाचा परिणाम होतो. कातडीच्या रंगाचा होतो, कपड्याच्या रंगाचाही होतो. तो नेमका कुठे होतो हे एकदा कळलं की काय करता येईल तेही दिसायला लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी सत्तावीस वर्षं मुंबईत कबड्डीचा पंच म्हणून उभा राहिलो. आता नवीन पंचांची शिबिरं घेतो आणि त्यांच्याशी पहिल्या दिवशी याच विषयावर बोलतो.

कबड्डीत पंचाला दोन प्रकारचे निर्णय द्यावे लागतात. एक प्रकार डोळ्यांचा. चढाईपटूचा पाय बोनस रेषेपलीकडे पडला का, त्या वेळी दुसरा पाय हवेत होता का, पकड होताना हात मध्यरेषेला लागला का. इथे रंगाला फारसा वाव नाही, रेष ती रेष. दुसरा प्रकार हेतूचा. चढाईपटूचा दम तोडायला कोणी मुद्दाम तोंड दाबलं, की झटापटीत हात घसरून तोंडावर गेला? पायांची कैची जाणूनबुजून घातली, की दोघं एकमेकांवर पडताना पाय अडकले? इथे डोळ्यांना अर्धंच दिसतं आणि उरलेलं अर्धं मन भरून काढतं. रंग शिरतो तो या भरून काढलेल्या अर्ध्यात. प्रेक्षकांचं तर बहुतेक सगळं याच दुसऱ्या प्रकारात येतं, कारण वीस-पंचवीस फुटांवरून, चार डोक्यांच्या आडून त्यांना कृती नीट दिसतच नाही. त्यांना एक रंग दिसतो, एक पडलेला माणूस दिसतो, आणि आरोळी उठते: "मुद्दाम केलं!"

माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगतो. बारा-तेरा वर्षं झाली. लोअर परळचं मातीचं मैदान, रात्रीचा सामना, हॅलोजनचा उजेड. दुसरं सत्र संपत आलेलं, एका गुणाचा फरक. काळ्या बनियनमधल्या संघाचा डावा कोपरारक्षक तुमच्या मुलासारखाच, सावळा आणि रुंद खांद्यांचा. समोरचा चढाईपटू शिडशिडीत, गोरा, सगळ्या मैदानाचा लाडका. कोपरारक्षकाने घोटा धरला, शेजारून मध्यरक्षक आला, तिघं खाली गेले आणि चढाईपटू उठला तो मान धरून, खोकत. बाहेरून एकच कल्ला झाला. मी शिट्टी मारली, पिवळं कार्ड काढलं आणि गुणलेखकाच्या टेबलाकडे बघून ओरडलो, "तो काळा, डाव्या कोपऱ्यातला!" पोरगा दोन मिनिटं बाहेर बसला. त्याचा संघ सामना हरला.

दोन दिवसांनी एका कार्यकर्त्याने मोबाईलवर घेतलेलं चित्रण दाखवलं. मी ते तीनदा पाहिलं. कोपरारक्षकाचे दोन्ही हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत घोट्यावर होते. मानेवर आलेला हात मध्यरक्षकाचा होता. तोही त्याच संघाचा आणि त्याच काळ्या बनियनमधला, फक्त रंगाने उजळ. म्हणजे त्या दिवशी कपड्याचा काही प्रश्न नव्हता. एकाच कपड्यातल्या दोन पोरांमधून मी सावळा निवडला. तो हात कोणाचा हे मला दिसलं नव्हतं, तरी दिसलं असं मला अगदी आतून वाटलं होतं. याची भीती मला आजही वाटते.

मी त्या पोराला भेटायला त्यांच्या सरावाला गेलो. तो अंगठ्याला क्रेप बँडेज गुंडाळत बसला होता. त्याने मान वर केली, माझं ऐकून घेतलं आणि पुन्हा गुंडाळायला लागला. त्याचे प्रशिक्षक मात्र बोलले: "सर, नंबर तरी बघायचा होता ना." खरं होतं. मी टेबलाला नंबर सांगितलाच नव्हता. काळ्या बनियनवर तांबड्या रंगात छापलेला आकडा, त्यावर घाम, त्यावर माती. वाचता आला नाही म्हणून मी अंगाचा रंग वाचला. हा नंबर लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

मी एकटाच असा नाही हे नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं. काळ्या कपड्यांबद्दलचा सगळ्यात गाजलेला अभ्यास 1988 चा, मार्क फ्रँक आणि थॉमस गिलोविच या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा. त्यांनी तिथल्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल आणि आइस हॉकीची वर्षानुवर्षांची नोंद काढली, तेव्हा काळ्या गणवेशाच्या संघांना दंड जास्त झालेला दिसला. मग त्यांनी एकाच प्रकारच्या खेळी चित्रित केल्या, एकदा बचाव करणारा संघ पांढऱ्यात आणि एकदा काळ्यात. पंचांना त्या दाखवल्या, तर काळ्या कपड्यातल्यांना शिक्षा द्यायला पंच जास्त तयार होते. आणखी एक गोष्ट त्यांनी तपासली, ती पालकांनी आणि प्रशिक्षकांनी जास्त ऐकण्यासारखी. गटाने काळे कपडे घातले की ते विद्यार्थी स्वतःहून जास्त आक्रमक खेळ निवडत होते. म्हणजे काळा कपडा बघणाऱ्यावर चालतो आणि घालणाऱ्यावरही. आइस हॉकीवर पुढे झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे ही काळ्या दगडावरची रेघ समजू नका. पंचाची नजर कपड्याने हलू शकते, एवढं मला त्यातून पटलं.

लाल रंगाची कथा वेगळी. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग, तायक्वांदो आणि कुस्तीत कोणाला लाल आणि कोणाला निळा हे चिठ्ठी पडल्यासारखं ठरत होतं. रसेल हिल आणि रॉबर्ट बार्टन यांनी निकाल मोजले तर सुमारे 55 टक्के लढती लालवाल्यांनी जिंकलेल्या. लोक म्हणाले, लाल घातलं की माणसाला चेव येतो. 2008 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी वेगळी शंका घेतली, की चेव खेळाडूला येतो की भुरळ पंचाला पडते? त्यांनी तायक्वांदोच्या 42 अनुभवी पंचांना लढतींची चित्रणं दाखवली. नंतर तीच चित्रणं संगणकावर लालचं निळं आणि निळ्याचं लाल करून पुन्हा दाखवली. लढत तीच, लाथा त्याच, माणसं तीच. लाल दिसणाऱ्याला सुमारे 13 टक्के गुण जास्त मिळाले. तायक्वांदोत पुढे अंगावरच्या कवचातच सेन्सर आले, त्याला इतरही कारणं होती. पण गुण मोजायला माणसाच्या डोळ्यावर कमी विसंबायचं ठरलं हे खरं. नंतरच्या वर्षांतल्या मोठ्या आकडेवारीत लालचा तो फायदा दिसेनासा झाला आहे. आपल्या कबड्डीत संघ स्वतःचे रंग स्वतः निवडतात, तेव्हा तो हिशोब जसाच्या तसा इथे लावता येत नाही. मी तो सांगतो कारण शिबिरात नवीन पंच छातीठोकपणे म्हणतात, "सर, आम्ही फक्त खेळ बघतो." ते 42 जणही हेच म्हणाले असते.

आता कातडीचा रंग. इथे मी जरा सावकाश लिहितो, कारण या विषयावर कोणी एक आकडा फेकून मोकळं होत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. युरोपातल्या फुटबॉलमध्ये सावळ्या-काळ्या खेळाडूंना लाल कार्डं जास्त दाखवली जातात का, हा प्रश्न एकच माहिती हातात देऊन संशोधकांच्या 29 गटांना सोडवायला दिला होता. 2018 मध्ये ते प्रसिद्ध झालं. 20 गटांना फरक ठोसपणे दिसला, 9 गटांना तसं म्हणता आलं नाही. माहिती तीच, हिशोबाची पद्धत वेगळी. बहुतेकांचा काटा एकाच बाजूला झुकला, पण किती झुकला यावर एकमत झालं नाही. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं.

अमेरिकी बास्केटबॉलमध्ये हेच जास्त स्पष्ट दिसलं. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स यांनी 1991 पासूनचे तेरा हंगाम तपासले. पंचांचा वर्ण खेळाडूच्या वर्णाशी जुळत असेल तर त्याच्यावर फाऊल कमी लागतात, साधारण 4 टक्क्यांपर्यंत. 4 टक्के म्हणजे काही नाही असं वाटेल, पण एका गुणाने हरलेल्या संघाला विचारा. त्यांचं काम 2007 मध्ये वर्तमानपत्रांत गाजलं, तिथल्या बास्केटबॉल संघटनेने ते नाकारलं, वाद झाला. काही वर्षांनी त्याच संशोधकांनी पुढचे हंगाम पुन्हा मोजले तर तो फरक नाहीसा झालेला. नियम बदलले नव्हते, पंचांचं वेगळं प्रशिक्षण झालं नव्हतं. आपण असं करतो हे सगळ्यांना कळलं होतं, इतकंच. बेसबॉलमध्येही असाच प्रकार आहे: चेंडू बरोबर टाकला की नाही हे ठरवताना पंच आपल्या वर्णाच्या खेळाडूला किंचित झुकतं माप देत, पण ज्या मैदानांवर त्यांचे निर्णय तपासणारे कॅमेरे बसवले होते तिथे ते माप सरळ होई. शिबिरात मी हे दोन दाखले सोडत नाही, कारण पोरांचे चेहरे पडलेले असतात आणि त्यांना सांगायचं असतं की बाळांनो, हा रोग औषधाला दाद देतो.

पण तुमचा प्रश्न पंचांपेक्षा लोकांबद्दल जास्त आहे, आणि लोकांची नजर घडते भाषेतून. एक प्रयोग स्वतःच करून बघा. मुंबईच्या कुठल्याही स्पर्धेला जा आणि पकडींकडे बघण्याऐवजी फक्त माईकवरचं समालोचन ऐका. उजळ, शिडशिडीत पोराने मांडी पकड केली की "काय सफाईदार पकड! काय डोकं लावलं!" सावळ्या, भरलेल्या पोराने हुबेहूब तीच पकड केली की "काय ताकद! रेड्यासारखा अडवला!" दोन्ही कौतुकच आहेत. सांगणाऱ्याच्या मनात पाप नसतं. पण पाच मिनिटांनी दोघांच्याही हातून एकेक चूक झाली की या कौतुकाचं व्याज वसूल होतं. ज्याचं डोकं वाखाणलं त्याची चूक "हात घसरला" ठरते. ज्याची ताकद वाखाणली त्याची चूक "दांडगाई" ठरते. चपळ, चलाख, देखणा हे शब्द एकीकडे, रांगडा, धसमुसळा, आडदांड हे दुसरीकडे, आणि पोरगा कुठल्या रांगेत उभा राहणार हे बऱ्याचदा त्याने पहिली पकड करायच्या आधीच ठरलेलं असतं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. 2020 मध्ये युरोपातल्या चार मोठ्या फुटबॉल लीगच्या 80 सामन्यांचं इंग्रजी समालोचन तपासलं गेलं. ताकदीचा उल्लेख गडद कातडीच्या खेळाडूंबद्दल सहा पटींहून जास्त वेळा होत होता. बुद्धीचं कौतुक झालं की त्यातलं 60 टक्क्यांहून जास्त उजळ कातडीच्या खेळाडूंच्या वाट्याला जात होतं. इंग्रजीत तर गोरा आणि न्याय्य या दोन्हींना एकच शब्द, फेअर. मराठीत शब्द वेगळे आहेत, पण आपणही तोंड काळं करायला सांगतो, काळाबाजार म्हणतो, आणि सभ्य माणसाला पांढरपेशा म्हणतो. आम्ही पंच पांढरे कपडे घालून उभे राहतो. नि:पक्षपातीपणा कपड्यातून उसना घ्यायचाच हा प्रकार, आणि तो चालतो. माझा स्वतःचा अनुभव असा की पांढऱ्या शर्टात दिलेल्या निर्णयावर कमी हुज्जत होते.

रंगाच्या आडून आणखी काय काय बघितलं जातं तेही बोलायला हवं. अंगाचा रंग बघून लोक पोराची वस्ती ओळखल्याचा आव आणतात, वस्तीवरून जात, आणि जातीवरून स्वभाव. मुंबईला ही सवय जुनी आहे. दलित समाजातले क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले, तरी धर्मावर संघ पाडून होणाऱ्या मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना जातीपायी कधी दिलं गेलं नाही. 1923 मध्ये ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आलं. तिथे गुणांबद्दल कोणालाच शंका नव्हती. माणूस कोण आहे हे आधीच ठरलेलं होतं. आणि रंगाचं म्हणाल तर ऑक्टोबर 2007 मध्ये आपल्याच वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे हावभाव करून डिवचलं गेलं, पोलिसांनी काही प्रेक्षकांवर कारवाई केली. आम्ही मुंबईकर खेळाचे जाणकार असं म्हणवतो, म्हणून मला ते जास्त लागलं.

वेस्ट इंडीजचा डॅरेन सॅमी 2020 मध्ये म्हणाला की आयपीएल खेळत असताना त्याला 'कालू' म्हणायचे आणि त्याचा अर्थ त्याला फार उशिरा कळला. नंतर एका जुन्या सहकाऱ्याशी त्याचं बोलणं झालं आणि ते प्रेमानं म्हटलं होतं असं त्याला सांगण्यात आलं. प्रेमानं म्हटलं असेलही. आपल्या प्रत्येक मंडळात एक 'काळ्या' असतोच आणि सगळे त्याला प्रेमानंच हाक मारतात. अडचण अशी, ताई, की मैदानात सराव बघायला आलेली दहा पोरं, समोरचा संघ, नवखा पंच, या सगळ्यांच्या कानावर त्या पोराचं पहिलं नाव रंगाचं पडतं. मग सामन्यात तो ज्या रांगेत उभा राहायचा त्या रांगेत आपणच त्याला उभा केलेला असतो. तुमच्या मुलाला मंडळात अशी हाक असेल तर ती आधी बंद करा. प्रशिक्षकांनी एकदा खडसावून सांगितलं की आठवड्यात बंद होते, मी झालेली पाहिली आहे.

आता जर्सी. माझं मत स्पष्ट आहे: मुलाचं नाव पुढे करून जर्सी बदलायला सांगू नका. बदलली तरी उद्या एखादा सामना हरल्यावर कोणीतरी त्याला ऐकवेल, "तुझ्यापायी कपडे बदलले." शिवाय पोराला त्यातून असं कळेल की दोष त्याच्या अंगात आहे आणि आपण तो झाकतोय. मंडळ पुढच्या हंगामाला नवीन कपडे शिवणार असेल तर सगळ्यांच्या बैठकीत, सगळ्यांसाठी म्हणून विषय काढा आणि वर सांगितलेलं सांगा. माझ्यावर सोपवलं तर मी केशरी किंवा आकाशी निवडेन. पण यंदा काळ्यातच खेळायचं असेल तरी बिघडत नाही, एक काम मात्र आजच करा, आणि ते म्हणजे नंबर. त्याबद्दल शेवटी लिहितो.

पोराला जरा जपून, हळू खेळ असं सांगू नका. ही चूक आई-वडील फार करतात, मायेपोटीच करतात. कोपरारक्षक बिचकला की अर्धी पकड करतो, आणि अर्ध्या पकडीत चढाईपटूही पडतो आणि बचावपटूही. दुखापती खऱ्या तिथे होतात, आणि मग 'रानटी' हा शिक्का पक्का होतो. घोटा धरायचा तर पूर्ण धरायचा, शिट्टी झाली की लगेच सोडायचा. हा नियम सातही जणांना सारखा लावा. फक्त त्यालाच "शिट्टीनंतर हात वर कर, हसून दाखव" असं सांगितलेलं मी ऐकलंय. मला ते पटत नाही. उजळ पोराला न हसता चालतं, तर यालाही चाललं पाहिजे. आणि क्रीम वगैरे कोणी नातेवाईक आणून देत असतील तर ते घराच्या उंबऱ्याबाहेरच ठेवा. भारताचा सलामीवीर अभिनव मुकुंद याने 2017 मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं की लहानपणापासून रंगावरून त्याला काय काय ऐकावं लागलं, आणि भर उन्हात सराव केल्याने रंग रापला याची त्याला खंत नाही. ते मुलाला वाचून दाखवा.

संघाच्या कर्णधाराला मात्र एक वाक्य शिकवा. पंचाशी बोलायचा हक्क कर्णधाराचा, तेव्हा कार्ड निघालं की त्याने शांतपणे, हात मागे ठेवून विचारायचं: "सर, कोणत्या नंबरला, आणि कोणत्या कृतीसाठी?" एवढंच. आरोप करायचा नाही, रंगाचा विषय तिथे काढायचा नाही. या प्रश्नाने पंचाला दोन गोष्टी मनात पुन्हा बघाव्या लागतात, आकडा आणि हात. मला त्या रात्री हे कोणी विचारलं असतं तर मी थांबलो असतो, कारण माझ्याकडे दोन्हीचं उत्तर नव्हतं. शिबिरात आता मी पंचांना सांगतो की टेबलाला नंबर आणि कृती सांगितल्याशिवाय खिशातून कार्ड बाहेर यायचं नाही. "पाच नंबर, तोंड दाबलं, ताकीद." वर्णन करायला रंग, उंची, मिशा, काहीही वापरायचं नाही. आयोजक तयार असतील तर हेच माईकवरून सांगायला लावतो. कारण ऐकलं की गर्दीचा आवाज उतरतो. लोकांना मधली रिकामी जागा भरायला मिळत नाही.

मोबाईलवर चित्रण करा, पण नीट. हातात धरून पोराच्या मागे मागे फिरवू नका. तिकाटण्यावर ठेवा, सगळं मैदान चौकटीत येईल अशा उंचीवर, आणि सामन्याआधी आयोजकांना आणि पंचांना सांगून ठेवा. बेसबॉलच्या कॅमेऱ्यांचं काम तेच होतं, पंचाला माहीत असणं. चित्रण घेऊन टेबलावर भांडायला जायचं नाही, निकाल त्याने फिरत नाही. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांमार्फत दाखवा. बरेच पंच बघतात. बघून गप्प बसतात, पण पुढच्या सामन्यात वेगळं बघतात.

वयाची शंका तुम्ही विचारलेली नाही, पण ती येईल म्हणून सांगतो. सावळा, भरलेला, ओठांवर मिसरूड फुटलेला पोरगा म्हणजे वय चोरलंय, असं समोरचा संघ धरूनच चालतो. किशोर गटात वय आणि वजन दोन्हींची अट आहे. जन्माचा दाखला आणि आधार मूळ प्रतीसह पिशवीत ठेवा आणि वजनाला पहिल्यांदा उभं राहायला सांगा. वजनकाट्याला रंग दिसत नाही, आणि सगळ्यांसमोर काटा बघितलेला माणूस नंतर कमी बोलतो.

प्रेक्षकांतून कोणी रंगावरून, जातीवरून शिवी दिली तर मात्र गप्प बसायचं नाही. 'दांडगट' हे मत आहे, ते ऐकून सोडून द्या. शिवी वेगळी. सामना चालू असतानाच प्रशिक्षकांनी आयोजकांना सांगायचं, त्या माणसाला बाहेर काढेपर्यंत सामना थांबवायची विनंती करायची. दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या पत्राला काही उत्तर येत नाही. मी स्वतः दोनदा सामना थांबवला आहे, दोन्ही वेळा आयोजकांनी कुरकुर करत का होईना साथ दिली.

आणि आता नंबर. काळ्या बनियनवर पांढरे, जाड, बिनवळणाचे आकडे. नक्षी नको, सावली नको, आकड्याच्या पोटात मंडळाचं नाव नको. पाठीवर वीतभर उंच, छातीवर त्याहून थोडे लहान चालतील. तांबडा किंवा सोनेरी रंग छपाईवाला सुचवेल, तो हॅलोजनखाली आणि मातीत वाचता येत नाही, माझ्यापेक्षा जास्त कोणी सांगू शकणार नाही. जर्सी शिवून झाली असेल तरी वरून पांढऱ्या कापडाचा आकडा शिवता येतो, एका दिवसाचं काम आहे. सातही जणांच्या आणि राखीव खेळाडूंच्या जर्सीवर एकदमच करून घ्या. पुढचा सामना रविवारी असेल तर शनिवारवर ठेवू नका, शनिवारी छपाईवाल्यांकडे गर्दी असते.